बिनढगाचा पाऊस

अहमदपूरच्या स्टँडवर पंचशीला जळकोटच्या एसटीत चढली, तेव्हा तिच्या कडेवर पत्र्याचं एक नळकांडं होतं. व्यंकटीनं सरकून जागा दिली अन् विचारलं, "भेटलं का बाई राकेल?"

"पर्जन्यमापक आहे हा. यात पाऊस मोजतात."

"पाऊस?" व्यंकटी पोट धरून हसला. "अवो, आधी पडू तर द्या!"

तीही हसली... आणि झालं! गडी तिथंच गारद. लातूर जिल्हा नवा कोरा, त्यातली पाऊस मोजणारी ही पहिली बाई शास्त्रज्ञ, अन् नळकांडं बसवायचं नेमकं व्यंकटी मास्तराच्या शाळेत! रोज सकाळी त्यात डोकवायचं, पाऊस दिसला तरच तार करायची, हे काम तिनं त्याच्याच गळ्यात घातलं.

आता दुष्काळात पाऊस कुठला यायला? पाऊस न्हाई म्हणून तार न्हाई, तार न्हाई म्हणून बाई न्हाई! मास्तर झुरून राहिला. शेवटी एका सकाळी त्यानं स्वतःच्या पिण्याचं तांब्याभर पाणी नळकांड्यात ओतलं आणि दिली तार ठोकून.

जीप आली. पण पंचशीलासोबत तिचे साहेबही उतरले, गालात हसत. "अख्ख्या जिल्ह्यात ढग नाही, मॅडम, अन् तुमच्याच यंत्रात पाऊस? बायकांचं काम नव्हे हे. उद्यापासून ऑफिसात बसा."

पंचशीलाचा चेहरा उतरला. तिनं वरचं नरसाळं काढून वास घेतला मात्र... "साहेब, पावसाला पाणी शुद्ध करायच्या टीसीएल पावडरचा वास येतो होय? हे टँकरचं पाणी आहे."

"मग तुम्हीच ओतायला लावलं असेल, नाव व्हावं म्हणून!"

व्यंकटी पुढं झाला. "न्हाई साहेब... मी वतलं."

"कशासाठी?"

"बाई... परत याव्यात म्हणून."

सगळी शाळा खिदळली. साहेब खाकरले आणि ऑफिसाचं नाव न काढता जीपकडं वळले. पंचशीला लालबुंद झाली — रागानं की कशानं, तिचं तिलाच ठाऊक.

"प्यायचं पाणी ओतलंत? अक्कल गहाण ठेवली होती का?"

"हाव."

"आजपासून हे काम तुमच्याकडं नाही."

व्यंकटीनं मान खाली घातली. लई वाईट वाटलं त्याला.

"दुसरा माणूस मिळेपर्यंत जळकोटात मुक्काम टाकून रोज मीच येणार," ती म्हणाली, मग हळूच, "आणि दुसरा माणूस मी काही शोधत नाही..."