तुटलेला हात आणि एक श्वास

लिफ्टचं दार मिटता मिटता त्याने मध्ये पाय घातला, आत शिरला, आणि त्याची नजर गेली ती तिच्या चेहऱ्यावर नाही, तर तिच्या काखेतल्या हातावर. तो हात कोपरापासून तुटलेला होता.

“कुणाचा?” त्याने जरा मागे सरकत विचारलं.

“नवऱ्याचा.”

“तुमच्या…?”

“सिनेमातल्या! मला अजून नवरा नाही. झालाच, तर त्याचे दोन्ही हात जागच्या जागी ठेवीन.”

तो हसला. मग वाकून त्याने तो हात इतका निरखला, की तिलाच संकोच वाटला. “नखांत माती आहे…”

“त्याला बागकामाचा नाद आहे ना!”

जखमा, रक्त, तुटके अवयव बनवणं हे तिचं काम, आणि त्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण नखांतली माती आजवर कुणाच्या नजरेत भरली नव्हती. हा प्राणी त्याच सिनेमाचा नवा संकलक निघाला. आज लिफ्ट फारच लवकर पोचली, असं तिला वाटलं.

सिनेमा पोट धरून हसायला लावणारा होता, आणि अंगावर काटा आणणाराही. वैतागलेली बायको जेवणाच्या टेबलावर नवऱ्याचा हात तोडते. रक्ताची चिळकांडी थेट भिंतीपर्यंत! आणि तो तुटका हात काय करतो, तर रोजच्या सवयीने टेबल चाचपत चष्मा शोधतो. टेबलाखाली आडवं पडून, तारा ओढत तिनेच तो हात चालवला होता. तो प्रसंग म्हणजे तिचा जीव की प्राण.

रोज दुपारी ती त्याच्या खुर्चीमागे येऊन उभी राहायची.

“किंकाळी आणि हसू यांच्या मध्ये एक श्वास हवा,” तो म्हणायचा. “नाहीतर दोन्ही एकमेकांच्या पायात अडखळतात.”

तिला तो श्वास फार लांब वाटायचा. मग वाद व्हायचा, चहा गार व्हायचा, आणि दुसऱ्या दिवशी ती पुन्हा हजर!

एकदा ती रक्ताळलेलं बोट पुढे धरून आत आली. त्याने पडद्यावरची नजर वळवली. “रंग जमला नाही. रक्त फारच पातळ झालंय. खरं वाटत नाही.”

“अहो, खरंच आहे! सुरी लागली!”

दिवसभर रक्ताच्या चिळकांड्या बघणारा तो माणूस पांढराफटक पडला आणि चक्क जमिनीवर बसला. बसल्या बसल्या त्याने तिला रुमाल बांधला, तोही एका बोटाऐवजी दोन बोटांना. हसून हसून ती बेजार झाली. रुमाल मात्र तिने संध्याकाळपर्यंत सोडला नाही. त्या दिवसापासून ‘अहो’ गेलं आणि ‘अरे’ आलं.

पुढे निर्मात्याने सिनेमा पाहिला आणि कपाळाला हात लावला. “दोन दगडांवर पाय कशाला? एक तर हसवा, नाहीतर घाबरवा! तो हात काढून टाका.”

“आधी लोकांना दाखवू,” संकलक म्हणाला. “ते हसले नाहीत, तर मीच कात्री लावतो.”

ती भडकली. बाहेर येताच म्हणाली, “माझ्या कामावर पैज? मला न विचारता?”

“तुझ्या कामावर नाही, तर मग कशावर लावू?”



सिनेमा दाखवायचा त्या दिवशी तिची आईही आली. ‘मुलगी मेकअप करते’ एवढंच ती नातेवाइकांना सांगायची. रक्ताचा विषय निघाला की बोलणं टाळायची.

टेबलाचा प्रसंग आला. चिळकांडी उडाली, सगळं सभागृह किंचाळलं. मग… शांतता. तिला वाटलं, संपलं सगळं! शेजारी बसलेल्या त्याने तिचं मनगट घट्ट धरलं होतं.

पडद्यावरच्या हाताने टेबल चाचपलं. मीठदाणी उचलली, नाराजीने परत ठेवली. कुणीतरी फिसकन हसलं, आणि पाठोपाठ सगळं सभागृह हसून लोटपोट! तेवढ्यात पुढच्या रांगेत आई उठून उभी राहिली.

“तो हात माझ्या मुलीनं केलाय! एकेक केस तिनं लावलाय त्यावर!”

निर्माता डोळे पुसत म्हणाला, “राहू दे बाबा तो हात.”

बाहेर आल्यावर तिने त्याला गाठलं. “श्वास आणखी लांबवलास ना? जीव जायची वेळ आली माझी!”

“लोक घाबरून डोळे मिटतात…” तो चाचरत म्हणाला. “ते उघडायला वेळ लागतो. तुझं काम एकानेही चुकवू नये, असं वाटलं. मला… तू फार आवडतेस.”

तेवढ्यात आई आली आणि त्याला आपादमस्तक न्याहाळू लागली. “हे कोण?”

“आमचा संकलक.”

“नुसता संकलक?”

भोवती ओळखीची-अनोळखी माणसं उभी होती. तिने मान ताठ केली आणि ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “नाही आई. माझा माणूस आहे हा.”