चालकपेशींचा दसरा

सोमवारी सकाळी न्यायवैद्यक प्रयोगशाळेच्या टेबलावर डॉ. विश्राम नाडगौडांच्या गाडीचा मेंदू ठेवला होता. नारळाएवढा, कोमट काचपात्रात तरंगणारा आणि अजून पुरता शुद्धीवर न आलेला.

"वास घ्या," इन्स्पेक्टर गजेंद्र शेळके म्हणाला. "घ्या ना डॉक्टर. तुमचाच आहे."

नाडगौडा बावीस वर्षं व्यसनमुक्ती केंद्र चालवत होते. खोकल्याचं औषधसुद्धा ते बाटलीवरचं वाचून घेत. शनिवारी त्यांच्या गाडीने, त्यांना मागच्या सीटवर बसवून, चौकातल्या कारंज्याला सतरा प्रदक्षिणा घातल्या. मग ती एका परमिट रूमच्या दारात थांबली आणि तिथल्या वॉचमनला दिवे मिचकावत राहिली. आता आरोपपत्र आज कोर्टात गेलं की केंद्राचा परवाना रद्द. आतले चाळीस पेशंट संध्याकाळपर्यंत रस्त्यावर, आणि रस्ता थेट गुत्त्याकडे.

"मी थेंब घेतलेला नाही," नाडगौडा म्हणाले.

"तुमच्या पेशींनी घेतलाय," प्रयोगशाळाप्रमुख हेमलता कवठेकर म्हणाल्या. "गाडी चालवतो हा चालकमेंदू. तो मालकाच्या कातडीतल्या पेशींपासून वाढवतात. पूर्वी अपघात झाला की कंपनी मालकाकडे बोट दाखवायची, मालक कंपनीकडे. शेवटी कायद्यानेच ठरवलं. पेशी ज्याच्या, चालक तो. मग तो कुठेही बसलेला असो."

"घरी घोरत असला तरी," शेळकेने भर घातली.

"पण दारू आली कुठून?"

"पोषणरसातून. मेंदूला साखरेचं पाणी लागतं, अंगाइतकं गरम. त्यात कुणीतरी दूध, दही, मध आणि केळ्याचे काप घातलेत. आंबायला आणखी काय हवं? एका दिवसात चढण्याइतकी तयार."

नाडगौडांनी कपाळावर हात मारला आणि सगळं सांगून टाकलं. दरवर्षी दसऱ्याला गाडीला हार, हळदकुंकू, चाकाखाली लिंबू, एवढंच असायचं. यंदा गुरुजींना रस भरायची नळी दिसली. "हिला मुख आहे," गुरुजी म्हणाले, "मग नैवेद्य लांबून कशाला दाखवायचा?" आणि वाटीभर पंचामृत आत.

"अख्ख्या शहराने हेच केलंय," हेमलताबाई म्हणाल्या. "जोडून सुट्टी, सगळे फिरायला. दोनशे चौदा गाड्या झिंगलेल्या."

"दोनशे चौदा आरोपपत्रं," शेळके म्हणाला. "प्रत्येकावर माझी सही."

"अहो, नकळत झालं हे."

"नकळत पोटात गेली तरी चढतेच. तुमचंच वाक्य आहे, डॉक्टर. माझ्या मेव्हण्याला नव्वद दिवस कोंडताना तुम्ही ऐकवलं होतंत. चार लोकांसमोर."

"तुमचा मेव्हणा रोज नकळत प्यायचा."

शेळकेचे कान लाल झाले. "लिहा बाई अहवाल. पेशींना चढली म्हणजे माणसाला चढली. पाहिजे तर मी तसं लिहून देतो."

"द्या," हेमलताबाई म्हणाल्या आणि कागद पुढे सरकवला. शेळकेने सही केली, शिक्काही मारला.

तेवढ्यात बाहेर काहीतरी कोसळलं. तिघंही खिडकीशी गेले. फाटकातल्या कुंड्या आडव्या झाल्या होत्या. पोलिसांची जीप झेंड्याच्या खांबाला नाक घासत उभी होती आणि बारीक आवाजात सायरन गुणगुणत होती.

"ही कुणाच्या पेशींवर चालते?" हेमलताबाईंनी विचारलं.

"माझ्या," शेळके म्हणाला. आवाज जरा कमी झाला होता.

"ठाण्यात शस्त्रपूजा झाली ना शुक्रवारी? गुरुजी कोण होते?"

"डॉक्टरांकडचे तेच. पहाटे आधी आमच्याकडे आले, मग सोसायट्यांमध्ये गेले."

हेमलताबाईंनी खाली जाऊन नळीतून रस काढला, परत येऊन यंत्रात घातला आणि आकडा दोघांना दाखवला. डॉक्टरांच्या गाडीपेक्षा दुप्पट.

"म्हणजे अख्ख्या शहराआधी तुम्हाला चढली," त्या म्हणाल्या. "आणि अजून उतरलेली नाही. नशेतल्या अधिकाऱ्याची सही बाद असते. दोनशे चौदा आरोपपत्रंही गेली."

शेळकेने टेबलावरच्या कागदाकडे पाहिलं. मग त्याचे डोळे चमकले. "तसं असेल तर मी आत्ता लिहून दिलं तेही बाद."

"बादच आहे. कायदा मात्र शुद्धीतल्या लोकांनी केलाय, तो राहतो. त्यातच पुढे आहे, ड्यूटीवर नशेत सापडलेला पोलीस नव्वद दिवस सरकारमान्य केंद्रात. शहरात असं केंद्र एकच."

"आणि तुमची गाडी, बाई? तिची पूजा नाही केली?"

"मी सायकलवर येते. तिला तोंड नाही."

नाडगौडांनी पिशवीतून भरतीचा अर्ज काढला, पेनाचं टोपण उघडलं.

"पहिला घोट कधी घेतलात?"

"मी थेंब घेतलेला नाही," शेळके म्हणाला.

नाडगौडांनी मान वर न करता शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, 'पहिल्या दिवशी सगळे म्हणतात तेच.'