तिसरा सिलिंडर

अख्खी गल्ली त्यांना मामा म्हणायची. गाडी कुरकुरायला लागली की ‘मामांकडे टाक’ हे ठरलेलंच. खरा भाचा मात्र त्यांना एकच होता, आणि तोच पठ्ठ्या आपल्या आईची गाडी भंगारात काढायला निघाला होता.

आई म्हणजे मामांची ताई. गाडी मूळची भावोजींची. भावोजी जाऊन दीड वर्ष झालं, तेव्हापासून ताईच ती चालवायची, आणि काय झोकात चालवायची! त्या दिवशी दुपारी ती गॅरेजसमोर थांबली तेव्हा बाहेर धुकं असं दाटलं होतं की समोरच्या दुकानाची पाटीसुद्धा दिसेना. इंजिन अंग झटकल्यासारखं हलत होतं.

“चढाला लागली की आचके देते,” ताई म्हणाली. “उद्या सकाळी भंगारवाला येतोय. मुलगा म्हणतो, मामाने गाडी धड आहे असं सांगितलं तरच ठेव. नाहीतर गाडी जाणार आणि मीही जाणार, त्याच्याकडे आठव्या मजल्यावर. तिथे खिडकीत बसून करू काय? रस्त्यावरच्या गाड्या मोजू?”

“मोज की. आचके देणारी, मिसिंग मारणारी दिसली तर इकडे पाठव.”

“थट्टा नको रे. माझं सगळं तुझ्या हातात आहे आज.”

मामांनी बाह्या सरसावल्या. खरं सांगायचं तर त्यांना बरं वाटत होतं. थंडीची दुपार, सवडीचं काम आणि बोलायला ताई, माणसाला आणखी काय लागतं? चारही प्लग त्यांनी काढले. तीन कोरडे होते, बदामी रंगाचे. तिसरा काळा आणि पेट्रोलने ओला. म्हणजे तिसरा सिलिंडर पेटतच नव्हता. ठिणगी तपासली तर ती चांगली कडकडीत पडत होती. मग राहिला दाब.

दाब बघायची मामांची रीत जुनीच. प्लगच्या भोकावर अंगठा ठेवायचा आणि दुसऱ्याने किल्ली मारायची. सिलिंडर धड असला की आतली हवा अंगठा उडवून लावते. ताई गाडीत बसून किल्ली मारत होती. पहिल्याने अंगठा उडवला. दुसऱ्याने उडवला. चौथ्यानेही.

“आता तिसरा. मार!” मामांनी बॉनेटखालूनच आवाज दिला.

हवा आली. पण हळू. अंगठा जरासा उचलला गेला, मग तितक्याच हळू आत ओढला गेला. पुन्हा बाहेर... पुन्हा आत. हवा कोमट होती. मामांच्या कपाळाला आठी पडली. असला दाब त्यांनी चाळीस वर्षांत पाहिला नव्हता. हे यंत्राचं वाटेना. जेवून आडव्या झालेल्या माणसाच्या नाकाशी हात धरावा तसं ते वाटत होतं. आणि पेट्रोलचा वास कुठल्या कुठे गेला होता. लवंगेचा वास येत होता. जेवणानंतर भावोजींच्या गालात कायम एक लवंग असायची.

“बास...” मामा कसेबसे म्हणाले. “बास आता.”

हवा थांबली.

“कोणाशी बोलतोयस रे?” ताईचा आवाज मागून आला. मागच्या खोलीच्या दारात ती चहाचे दोन कप घेऊन उभी होती. “केव्हाची चहा ठेवायला गेले होते मी. तिसऱ्याची किल्ली मारायची राहिली ना?”

मामांनी भोकावरचा अंगठा झटकन काढला. स्टार्टरचा आवाज आलाच नव्हता, हे त्यांना आत्ता कळलं. पण ताईला काय सांगणार? त्यांनी चहा घेतला, दोन घोटांत संपवला आणि सरळ कामाला लागले. हात चालू असले की डोकं गप्प बसतं, हा त्यांचा अनुभव होता.

वरचं झाकण काढल्यावर दोष सापडला. तिसऱ्याचा एक व्हॉल्व्ह पुरता मिटत नव्हता, त्याला दाबणाऱ्या टॅपेटला तसूभर जागाच उरली नव्हती. मामांनी पातळ पट्टी घालून अंतर जुळवलं, नट आवळला. ताईने किल्ली मारताच अंगठा टाणकन उडाला. हुश्श! प्लग, वायरी, झाकण सगळं बसवलं आणि गाडी चालू केली. इंजिन एका लयीत घुमू लागलं. ताईचे डोळे भरून आले. मामांनी तिथल्या तिथे भाच्याला फोन लावला.

“गाडी ठणठणीत आहे. माझी जबाबदारी. भंगारवाल्याला येऊ नको म्हणून सांग.”

फोन ठेवल्यावर त्यांनी इंजिन बंद केलं. प्लगच्या वायरी जुन्या, तडकलेल्या होत्या. आता एवढं केलंच आहे तर त्याही नव्या घालू, म्हणून त्यांनी चारही उपटल्या आणि त्या हातात घेऊन नवा संच शोधायला मागच्या खोलीत गेले.

फळीवरचे खोके चाळत असताना बॉनेट धाडकन पडल्याचा आवाज आला. मग इंजिन सुरू झालं.

“येते रे!” ताई ओरडली. “अंधाराच्या आत पोचते!” तिला वाट बघणं जन्मात जमलं नव्हतं.

मामा धावत बाहेर आले. गाडी वळणावर पोचली होती. ताईने काचेतून हात हलवला आणि धुक्यात दिसेनाशी झाली. वायरींशिवाय ठिणगी नाही, आणि ठिणगीशिवाय इंजिन म्हणजे नुसतं लोखंड. पण आवाज लांबून येत होता, एका लयीत, सुखाने. आणि मामांच्या डाव्या मुठीत चारही वायरी टिकटिक करत होत्या. एक... तीन... चार... दोन. इंजिनात सिलिंडर पेटतात त्याच पाळीने.

चढ, पूल, मग घाट. ताईचा रस्ता तासाभराचा होता. मामा दारातच स्टुलावर बसले. त्या वायरी खाली ठेवायची त्यांची छाती होईना. मूठ जराही सैल न करता ते बसून राहिले. हाताला मुंग्या आल्या तरी हलले नाहीत.

तासाभराने फोन वाजला. मामांनी तो उजव्या हाताने उचलला.

“पोचले बाबा!” ताई खूश होती. “एक आचका नाही, काही नाही. अशी तर ती नवी असतानाही चालली नव्हती. आताच बंद करून किल्ली खुंटीला लावली.”

“बंद केलीस?”

“मग काय रात्रभर चालू ठेवू?”

मामांनी मुठीकडे पाहिलं. एक... तीन... चार... दोन. एकही ठोका चुकत नव्हता.