कात्री लावायच्या आधी

दिवा राहू दे. हे ऐकीव नाही, माझ्या सख्ख्या बहिणीच्या मुलावर गुदरलंय. तो अजूनही कॉम्प्युटर दुरुस्त करतो. फक्त रात्रीची कामं घेत नाही.

आमच्या गल्लीत एक शिंपी होते. हात सोन्याचा, पण खोड एक. कापडावर कात्री टेकवून गिऱ्हाइकाला विचारायचे, "लावू कात्री?" हो ऐकल्याशिवाय कापायचे नाहीत. म्हणायचे, "एकदा कापलं की कापलं, बाबा." लांब गेलेल्या लेकीसाठी त्यांनी कॉम्प्युटरवर आपला आवाज भरून ठेवला होता. आठ रेकॉर्डिंग. मग ते गेले. बोलायचा माइक मोडला, तो भंगारात गेला. आवाज तेवढा राहिला.

पुढे कॉम्प्युटर म्हातारा झाला. सकाळी सुरू केला की दुपारी जागा व्हायचा. शिंपीणकाकूंनी माझ्या भाच्याला बोलावलं.

"काकू, यावरचं विंडोज काढून लिनक्स टाकू. हलकं असतं, जुन्या मशीनला झेपतं."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही. टाक काय ते. यांचा आवाज तेवढा जाऊ देऊ नकोस. दुसरं काही उरलं नाही माझ्याकडे."

तेवीस नोव्हेंबर, मंगळवार. दुकान बंद करून तो रात्री दहाला आला. कॉम्प्युटर होता शिलाई मशीनच्या टेबलावर. वरचं मशीन कधीच विकलेलं, खाली लोखंडी पायडल तसंच. डिस्कवर जागा नव्हती, सगळं पुसूनच लिनक्स बसणार होतं. आणि आवाज उतरवून घ्यायचा पेनड्राइव्ह हा पठ्ठ्या घरी विसरून आलेला.

झोपायला जाताना काकूंनी विचारलं, "कॉपी घेतलीस ना रे?"

"हो काकू, घेतली."

म्हातारी कशाला परत ऐकतेय, असं वाटलं त्याला. एवढंच.

काकू आत गेल्या. पडद्यावर प्रश्न आला, सगळं पुसू का? त्याने हो दाबलं. कॉम्प्युटर बंद पडला.

पायडलला पाय लागून वायर ओढली गेली असेल, म्हणून त्याने वायर बाजूला बांधली. पुन्हा तोच प्रश्न, पुन्हा हो, पुन्हा अंधार. मग डबा उघडून रॅम काढली, खोडरबरने घासली, बसवली. अकरा चाळीस झाले होते. या वेळी पाय लागायलाच नको, म्हणून दोन्ही पाय खुर्चीवर घेऊन मांडी घातली.

प्रश्न आला. त्याने बोट उचललं.

खट्.

खालून.

मग पुन्हा... खट्, खट्. आधी सावकाश. मग लयीत. कुणीतरी बाही जोडत असावं तसं.

त्याचे पाय वर होते.

खाली बघायची छाती झाली नाही. बोट हवेतच राहिलं. पायडल थांबलं. खोलीत काही हललं नाही... पण कुणीतरी उत्तराची वाट बघत होतं.

त्याने नाही दाबलं.

कॉम्प्युटर बंद पडला नाही. हा पहाटेपर्यंत तसाच, पाय वर घेऊन.

उजाडल्यावर धावत घरी जाऊन त्याने विसरलेला पेनड्राइव्ह आणला. काकूंना शेजारी बसवलं आणि खरं काय ते सांगून टाकलं. त्याने आवाज उतरवायला घेतले. मोजले. परत मोजले.

"काकू, आठच होते ना?"

"आठच."

नऊ होते.

नवव्यावर तारीख कालची. वेळ रात्री दहा वाजून बारा मिनिटं. कॉम्प्युटरला माइक नाही, हे दोघांनाही माहीत.

काकू म्हणाल्या, "लाव."

आधी त्याचाच आवाज आला. स्वच्छ. "हो काकू, घेतली."

मग काहीच नाही...

मग पायडल. खट्, खट्.

आणि अगदी जवळून, नेहमीसारखं शांतपणे...

"लावू कात्री?"