पाठीशी उभा

ही गोष्ट माझ्यादेखत घडली आहे. ती पटवून देण्याचा माझा हट्ट नाही. जन्मभर लहान मुलांना शिकवलं. मास्तर थापा मारू लागला की मुलं लगेच ओळखतात, त्यामुळे थापा मारायची सवयच लागली नाही.

अशा गोष्टी बहुतेक रात्री घडतात. ही भर दुपारची आहे.

१९६५ सालचा फेब्रुवारी. शनिवार. सकाळची शाळा सुटली होती. जागा, धामापूरच्या तलावाची वरची बाजू.

मी तेव्हा कसालच्या शाळेत मास्तर होतो. माझा धाकटा भाऊ बाबली मुंबईत दिवसा छापखान्यात काम करायचा आणि संध्याकाळी गिटार वाजवायचा. एका हॉटेलातल्या बँडला बेस गिटार वाजवणारा हवा होता. एक मेपासून नोकरी. अट एकच, वाद्य स्वतःचं पाहिजे.

परदेशी वाद्य मिळणं अशक्य होतं. मग बाबलीने एका ओळखीच्या वादकाचं वाद्य वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीने आकार काढून घेतला. चार जाड तारा, चाव्या, चुंबकाचा भाग... हे सगळं त्याने मुंबईत जमवलं. राहिलं फक्त लाकूड.

तो कागद घेऊन आम्ही भिकाजी मेस्त्रींकडे गेलो. दशावताराचे पखवाज करणारा हा माणूस. त्यांनी कागद उभा धरला, आडवा धरला.

"ह्यां वाद्य? माका तर चेपलेलो सरंगो दिसता!"

सरंगा म्हणजे पापलेट. बाबली हसला नाही.

"मेस्त्री, एक मे चुकली तर ती जागा दुसऱ्याक जातली. माका परत छापखान्यात खिळे जुळवूचे लागतले. जन्मभर."

"मुंबयत लाकूड संपला काय रे?"

"मिळता, पण ओलां. उद्या वाकडां झालां तर सूर खंय जायत?"

ह्या उत्तरावर मेस्त्री खूश झाले. दांड्यासाठी जुन्या सागवानाचा वासा त्यांच्याकडेच होता. अंगासाठी फणस. पण उभ्या उभ्या सुकलेला. "ओला लाकूड आवाज गिळता," ते म्हणाले. "सुका परत देता."

तीन झाडं पाहिली. एक वाळवीने पोकळ केलेलं, एकाचे रेषे पिळवटलेले, तिसरं अजून आतून ओलं.

चौथं झाड तलावाच्या वर, तिथल्याच एका दाजींच्या जागेत. दोन वर्षं वाळून उभं. दाजी लगेच म्हणाले, "न्या. पण तोडूक माजो माणूस येवचो नाय."

का, ते आम्ही विचारलं नाही.

मेस्त्रींनी कुऱ्हाड उलटी धरून खोडावर तीन ठोके मारले. कान लावला.

ठण्. ठण्. ठण्.

आणि मग... जरा उशिराने... चौथा.

"तलावाचो आवाज परत येता," बाबली म्हणाला. मी मान हलवली. मुलांनाही मी प्रतिध्वनी असाच समजावून सांगत असे.

मेस्त्रींनी खोडावरचा कान काढला नाही.

आमच्याकडे मोठं झाड तोडण्याआधी मुळाशी नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतात. एकजण मोठ्याने मागणं सांगतो. प्रत्येक मागण्यानंतर बाकीचे म्हणतात, "व्हय म्हाराजा."

ते मेस्त्री घालणार होते. पण त्या दिवशी त्यांचा घसा बसलेला. सकाळी होता तेवढा आवाजही चालून चालून पार गेला. त्यांनी गळ्याला हात लावून मला खूण केली. तुम्ही घाला.

बाबली तांब्या घेऊन तलावाकडे पाणी आणायला उतरला होता. त्याच्यासाठी थांबायला हवं होतं. पण ऊन तापत होतं आणि मला वाटलं, चार वाक्यं तर म्हणायची. शाळेत किती भाषणं केली होती मी.

हात जोडले. शाळेतल्या शुद्ध भाषेत म्हणालो, या झाडात जो कोणी वास करून असेल, त्याने हा नारळ मान्य करून घ्यावा. आमचं काम तडीस न्यावं. आणि शेवटी, प्रत्येक समारंभात म्हणायचो तसं, सवयीने...

"...आणि सदैव आमच्या पाठीशी उभा राहा."

मेस्त्रींनी माझं मनगट घट्ट धरलं.

त्याच वेळी मागून आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

स्वच्छ. जाडसर. अगदी खांद्याजवळून.

मला वाटलं, बाबली आला. मी वळलो.

मागे कोणी नव्हतं.

बाबली खूप खाली होता, हातात भरलेला तांब्या. वर येऊन म्हणाला, "दादा, गाऱ्हाणां घातलास पण? माज्यासाठी थांबाचां तरी!"

मेस्त्री माझ्याकडे बघत होते. आवाज नव्हताच, नुसती हवा बाहेर आली.

"मास्तर, ह्यां तुमी काय बोललास? 'तुजी जागा सोड, आमच्या वाटेक येव नको,' असा म्हणूचां आसता. तुमी तेका मागे उभो केलास!"

"मेस्त्री, तो आशीर्वाद मागायचा शब्द आहे."

"तुमच्या पुस्तकात."

त्यांनी कुऱ्हाड खाली ठेवली.

बाबलीला सगळं सांगितलं. तो कधी झाडाकडे, कधी माझ्याकडे बघत राहिला. मग विचारलं, "दादा, तुज्या एका शब्दापायी माजी नोकरी घालवू?"

मी विचार करायला हवा होता. मी म्हणालो, "तोड."

कुऱ्हाड त्याने स्वतः उचलली.

मेस्त्रींनी फळ्या चिरून चुलीवरच्या माळ्यावर धुरात वाळवल्या. काम छान केलं. फणसाचं पिवळं अंग, सागाचा काळसर दांडा. पण दोन महिने ते भिंतीला पाठ लावून काम करत होते. आधी ते दाराकडे पाठ करून बसत, उजेड हातावर पडावा म्हणून. मी कारण विचारलं नाही. मीही तेव्हा घरात भिंतीला टेकूनच बसत होतो.

एप्रिलच्या शेवटी बाबलीने तारा चढवल्या. घरात वीज नव्हती. त्याने वाद्याची कड लाकडी कपाटाला टेकवली आणि सर्वांत जाड तार छेडली.

कपाट घुमलं. छातीत काहीतरी हललं. इतका सुंदर आवाज मी कधी ऐकला नव्हता.

बाबली लहान मुलासारखा हसला. मग त्याने तळहात ठेवून तार बंद केली.

कपाट थांबलं.

आवाज थांबला नाही... तो आमच्या मागून येत होता.

मे महिन्यात त्याचं पहिलं पत्र आलं. जागा मिळाली, सगळ्यांना वाद्य आवडलं.

दुसरं पत्र जूनमधलं. 'दादा, मी भिंतीजवळची जागा मागून घेतली आहे.'

तिसरं दोन ओळींचं. 'तबकं नेणारा पोऱ्या रोज विचारतो, तुमच्या मागे उभा राहतो तो काय वाजवतो. काय सांगू?'

गणपतीत बाबली घरी आला. रिकाम्या हातांनी. वाद्य हॉटेलातच सोडलं होतं, नोकरीही.

"आता सुटलंय?" मी विचारलं.

तो दारातच उभा होता. आत येताना चौकटीला पाठ घासत आडवा आला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. मी 'वाद्याच्या' म्हणालो नव्हतो. 'आमच्या' म्हणालो होतो.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं नारळ घेऊन धामापूरला गेलो. मेस्त्री आले नाहीत. दाजींनी उरलेला बुंधा मुळासकट काढून जागा सपाट केली होती. त्या मातीवर नारळ ठेवून मी हात जोडले. या वेळी शुद्ध भाषा नाही.

"बा म्हाराजा, माजा चुकला. तू आमची पाठ सोड. तुज्या जागेर परत जा."

बाबलीने "व्हय म्हाराजा" म्हटलं.

आम्ही मागून येणाऱ्या आवाजाची वाट पाहिली. खूप वेळ.

काही आलं नाही. आणि जायला त्याला जागा तरी कुठे होती... ती आम्हीच तोडली होती.

बाबलीने पुन्हा वाद्याला हात लावला नाही. मालवणात एका दुकानात खांबाला टेकून त्याने तीस वर्षं काढली. तो गेला, मेस्त्री त्याच्या आधी गेले. त्या तिघांतला आता मी एकटा.

अजून शेजारची मुलं माझ्याकडे पाढे शिकायला येतात. मी पडवीत भिंतीला घट्ट टेकून बसतो. मागच्या आठवड्यात शेवंती बाराचा पाढा म्हणताना मध्येच थांबली. सात वर्षांची पोर. घाबरलेली अजिबात नव्हती. नुसतं विचारलं,

"गुरुजी, तुमी भिंतीक टेकून बसलास ना? मगे ह्यो तुमच्या मागे उभो कसो रवलो?"

मी वळलो नाही. पाढा पहिल्यापासून म्हणायला सांगितलं. ती शेवटपर्यंत न चुकता म्हणाली. मग मी सवयीने, सगळ्या मुलांना विचारतो तसं विचारलं, "बरोबर?"

शेवंतीने तोंड उघडायच्या आत...

"व्हय."

आता मी मुलांना 'बरोबर?' असं विचारत नाही.