रातव्याचं भांडण आणि वीणेचा पहारा

"एवढा धूर कमी केला असता, तर हिरो तरी दिसला असता!"

पिरंगुटहून लवळ्याला निघालेल्या रिक्षात दाटीवाटीने शेजारी बसलेल्या अनोळखी तरुणाने हे वाक्य टाकलं, आणि सृष्टीने झटक्यात मान वळवली. तो तिच्या मोबाइलच्या पाठीवरच्या चित्राकडे बघत होता. चित्र होतं रातव्याचं, रात्री शहर राखणाऱ्या सुपरहिरोचं, आणि तेही नव्या नव्हे, जुन्या सिनेमातल्या. दगडी मनोरे, घंटा, धुकं, आणि रस्ताभर लोळणारी काळी झूल पांघरलेला तो एकटा वीर.

"आणि तुमच्या नव्या सिनेमातला?" सृष्टी कडाडली. "गुडघ्याला पट्टा, कमरेला बाम! जग वाचवायला निघालाय की दवाखान्यात नंबर लावायला?"

"माणूस आहे तो. गच्चीवरून उडी मारली की माणसाचे गुडघे दुखतात."

"गुडघे दुखणारी माणसं बघायला तिकीट कशाला काढायचं? रिक्षात फुकट दिसतात!"

रिक्षावाला फिदीफिदी हसला. तो तरुणही हसला... कानाच्या पाळ्या लाल होईपर्यंत.

"मी इंद्रजित."

"मी विचारलं नव्हतं," ती म्हणाली. पण उतरताना स्वतःचं नाव मात्र सांगूनच उतरली.

इंद्रजित मूळचा लातूरचा, हिंजवडीच्या कंपनीत कामाला, लवळ्यात भाड्याच्या खोलीत राहणारा. सृष्टी गावातलीच, वडिलांची भाताची खाचरं खाली, आणि तिचं सिनेमा शिकवणारं कॉलेज वर टेकडीवर. सुट्टीच्या दिवशी पाच वाजता कॉलेजच्या कॅन्टीनमध्ये दोघांचं भांडण ठरलेलं. जुना रातवा की नवा?

"असं शहर कुठे असतं का?" तो विचारायचा.

"कीर्तनात बुवा नुसत्या आवाजाने अरण्य उभं करतात," ती टेबलावर हात आपटून म्हणायची. "तिथे एक झाड तरी असतं? पण ऐकणाऱ्याच्या अंगावर काटा येतोच ना! मग ते खोटं कसं?"

यावर तो नुसता तिच्याकडे बघत राहायचा – आणि ती चहा गार होतोय म्हणून उगीचच रागवायची.

एकदा त्याने सांगितलं, त्याचे बाबा वायरमन होते. खांबावरून पडले. दोन वर्षं आई रोज त्यांच्या पाठीची पट्टी बदलायची. "नव्या सिनेमात रातवा स्वतःची पट्टी स्वतः धुतो ना... तेव्हा मला वाटलं, कुणीतरी आमचं घर पाहिलंय." सृष्टीने आपली खारी मोडून अर्धी त्याच्या बशीत ठेवली. त्या दिवशी भांडण झालं नाही.

म्हणून तर तिनेही त्याला लिहिलं. कुणालाच न सांगितलेलं, एका लांबलचक मेसेजमध्ये. आई गेली तेव्हा ती अकरा वर्षांची होती. बाहेर भाताची खाचरं, घरात लख्ख ऊन होतं, माणसं चहा पीत होती, आणि तिच्या आत मात्र काळोख, धुकं, घंटा. महिन्याभराने तिने जुना रातवा पाहिला आणि तिला कळलं, आपण वेडे नाही. असं शहर असतं.

आणि इंद्रजितने काय केलं?

कॉलेजच्या फिल्म क्लबने 'जुना की नवा' असा वाद ठेवला. हॉल भरलेला. इंद्रजित पाहुणा म्हणून नव्याच्या बाजूने उभा राहिला, हरायला लागला, आणि हरताना त्याने खिशातून मोबाइल काढला. "जुन्याचे चाहते सिनेमावर प्रेम करत नाहीत, आपल्या लहानपणावर करतात. हे ऐका..." त्याने तिचा मेसेज वाचला. नाव घेतलं नाही. पण अकरा वर्षांची, भाताची खाचरं, आई – हॉलमधल्या कुणाला कळायचं राहिलं? चाळीस माना तिच्याकडे वळल्या.

टाळ्या मिळाल्या त्याला.

सृष्टी उठली, आणि खुर्ची आडवी पडली तरी मागे वळली नाही. आठ दिवसांत त्याचे सत्तावीस मेसेज आले. एकही तिने उघडला नाही. आता भांडायला, बोलायला, आईचं नाव काढायला कुणीच उरलं नव्हतं, याचाही राग तिने त्याच्याच खाती टाकला.

नवव्या दिवशी, गावच्या देवळातल्या श्रावणाच्या सप्ताहात, दुपारी तीन ते चार तिचा वीणेचा पहारा होता. सात दिवस वीणा खाली टेकवायची नाही. एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात. उभं राहायचं, तार छेडायची, मुखात फक्त 'राम कृष्ण हरि'. बाकी शब्द नाही.

पावणेचारला देवळाच्या दारात इंद्रजित उभा. नखशिखांत भिजलेला.

"सृष्टी, मी क्लबच्या ग्रुपवर सगळ्यांची माफी मागितली. ते वाचायचा मला हक्क नव्हता, असं लिहिलंय."

'राम कृष्ण हरि!' तिने तार अशी छेडली की कोपऱ्यात टाळ धरून बसलेल्या दोन म्हाताऱ्या दचकल्या. माझं दुःखही परस्पर वाटलंस, आणि माफीही परस्परच? पण बोलणार कशी! गळ्यात वीणा.

चार वाजले. पुढचा पहारा मैत्रिणीचा, स्वरदाचा. ती ताम्हिणीच्या पावसात अडकलेली. बाकी बाया खाचरात. पहाऱ्यांची यादी सांभाळणारी धोंडाआत्या दारात आली, तिने इंद्रजितला आपादमस्तक न्याहाळलं.

"कोण रं तू? मोकळा हायेस का?"

"हो, पण... मला यातलं काही येत नाही, आजी."

"गळ्यात घालायची न् नाव घ्यायचं. त्यात काय यायचंय? पाय धू जा."

सृष्टीने जोरजोरात मान हलवली. वीणा देताना देणाऱ्याने घेणाऱ्याच्या आणि घेणाऱ्याने देणाऱ्याच्या पाया पडायचं असतं. याच्या पाया? मेले तरी नाही! ती उभीच राहिली. सव्वाचार. साडेचार. बोट सोलवटलं. तो टाळ घेऊन समोर उभा राहिला आणि प्रत्येक ठेका चुकवू लागला, तेव्हा तर तिचं डोकं आणखीच तापलं.

"पोरी, बोटातनं रगात यायलंय," धोंडाआत्या म्हणाली. "आन् पाया काय त्याच्या पडायचंय? वीणा ज्याच्या गळ्यात, त्यो त्या घडीला पांडुरंगाचा. पड गप!"

शेवटी तिने वीणा उतरवली. तो वाकला, वाकलाच राहिला. तिच्या पावलांवर पावसाचं पाणी ठिबकलं... की पाऊस नव्हता तो? मग ती वाकली. दातओठ खात वाकली.

वीणा त्याच्या गळ्यात गेली. आणि सृष्टीच्या लख्ख ध्यानात आलं – आता हा बोलू शकत नाही. जाऊही शकत नाही. आणि मी मोकळी आहे!

ती त्याच्या कानाशी उभी राहिली.

"तुझ्या बाबांचं मी कुणाला सांगितलं?"

"राम कृष्ण हरि," तो म्हणाला. डोळे खाली.

"माझी आई तुला मुद्दा वाटली? टाळ्यांसाठी?"

"राम कृष्ण हरि..."

"वर्गात आता सगळे माझ्याशी हळू आवाजात बोलतात! मला नको ती दया. मला कुणीतरी मोठ्याने भांडणारं हवं होतं. ते माणूस तू होतास, आणि तूच..."

टाळांच्या आड ती बोलत राहिली. आईचं शेवटचं दुखणं बोलली, खुर्ची पडली तो आवाज बोलली, आठ रात्री बोलली. तो नाव घेत होता. गालावरून पाणी ओघळत होतं, पण पुसायला हात मोकळा नव्हता. सारवासारव नाही, मुद्दा नाही. तो नुसता ऐकत होता.

साडेपाचला स्वरदा धावत आली, हात पुढे केले. "आणा, माझा चारचा पहारा राहिलाय!"

इंद्रजितने सृष्टीकडे पाहिलं, आणि स्वरदाला मानेनेच नकार दिला.

"अय्या, हा देत का नाही?" स्वरदा म्हणाली.

"माझं बोलून व्हायचंय," सृष्टी फणकारली. मग आवाज एकदम खाली आला. "अजून एक राहिलंय. एवढं सगळं करूनही... तू मला आवडतोस. आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतोय!"

तार थांबली. इंद्रजितचं तोंड उघडंच राहिलं.

"आरं नाव घे की, मुडद्या!" धोंडाआत्या ओरडली.

"राम कृष्ण हरि!" तो इतक्या आनंदाने ओरडला, की दोन्ही म्हाताऱ्यांचे टाळ आपोआप द्रुत लयीत गेले – आणि सृष्टी, अजून रागातच, ओढणीच्या टोकाने त्याचे गाल पुसू लागली.