नवव्या खोलीची घंटा

"काका, रेडिओवाली बाई परत सांगतेय! डोंगरातला रस्ता टाळा म्हणतेय!" भिंगरी मागच्या सीटवरून ओरडली.

"त्या बाईला काय जातंय सांगायला!" धाकट्या काकाने रेडिओच बंद करून टाकला. "मी या रस्त्यानं डोळे मिटून गाडी नेतो!"

"मग आत्ता तेच करतोयस का?" शंकासुराने विचारलं. "कारण काचेतून काहीच दिसत नाहीये."

शंकासुर हा भिंगरीचा दहा वर्षांचा भाऊ. प्रश्न विचारल्याशिवाय त्याला घास गिळत नसे, म्हणून घरात हेच नाव पडलेलं. भिंगरी बारा वर्षांची. तिचे पाय एका जागी ठरत नसत. तिसरा पैलवान, त्यांचा चुलतभाऊ. तो तेरा वर्षांचा होता आणि इतका काटकुळा, की वाऱ्यात त्याला धरून ठेवावं लागेल असं सगळे म्हणत. आत्याकडची सुट्टी संपवून तिघं काकाबरोबर घरी निघाले होते.

दुपारचे साडेतीनच वाजले होते, पण बाहेर दिवेलागणीसारखा काळोख. गारा टपावर ताडताड आपटत होत्या. वळणावर काकाने करकचून ब्रेक दाबला. समोर एक भलंमोठं झाड रस्त्यावर आडवं पडलं होतं!

"मागं फिरू," काका म्हणाला. त्याच्या आवाजातली फुशारकी निम्मी उतरली होती. पण मागे येतो तर मघाशी ओलांडलेल्या छोट्या पुलावरून गढूळ पाणी धो धो वाहत होतं.

"तिकडं बघा! घर आहे!" पैलवानाने बोट दाखवलं.

झाडीत एक दुमजली दगडी इमारत उभी होती. सगळ्या खिडक्या बंद, पण एका धुराड्यातून धूर येत होता. डोक्यावर पिशव्या धरून चौघं पळत सुटले. बराच वेळ दार ठोठावल्यावर ते फटीएवढं उघडलं. आत एक म्हातारा कंदील घेऊन उभा होता.

"हॉटेल बंद आहे," तो म्हणाला. "चार वर्षं झाली. मी नुसता राखणदार." मग मुलांच्या निथळत्या कपड्यांकडे बघून त्याने दार सताड उघडलं. "या. पण शेगडीपाशीच बसायचं. वर जायचं नाही."

पूर्वीच्या स्वयंपाकघरात ते बसले. कपड्यांतून वाफ निघू लागली. "वीज गेली, फोन गेला," राखणदार सांगत होता. "रस्ता साफ करणारी माणसं सकाळशिवाय काही येत नाहीत."

तेवढ्यात किणकिण... किणकिण... किणकिण.

सगळ्यांनी वर पाहिलं. भिंतीवर एका लाकडी फळीला नऊ पितळी घंटा ओळीने टांगल्या होत्या. प्रत्येकीखाली आकडा. आठ घंटा गप्प होत्या. नववी थरथरत होती.

"ही काय भानगड?" काका हसायचा प्रयत्न करत म्हणाला.

राखणदार हसला नाही. "पूर्वी खोलीतल्या पाहुण्यानं दोरी ओढली, की तारेनं इथली घंटा वाजायची. नऊ नंबरच्या खोलीत एक शिक्षिका उतरल्या होत्या. असंच वादळ होतं. भाऊ मागून यायचा होता, तो आलाच नाही. दर घटकेला घंटा वाजवायच्या आणि विचारायच्या, आला का? पुढं त्या वारल्या. खोलीला कुलूप लागलं." त्याने कंदील जवळ ओढला. "आज दुपारपासून वाजतेय."

भिंगरीच्या मानेवरून गार बोट फिरल्यासारखं झालं.

"वारा असेल," काका म्हणाला.

"वारा एकाच घंटेला ओळखतो का?" शंकासुर म्हणाला. "आणि त्याला मोजता येतं का? बघा ना, तीनदा वाजते, थांबते, परत तीनदा!"

"तू गप्प बस! सगळे गप्प बसा!" काका शेगडीकडे सरकला. "लाकडं ओली आहेत का हो?"

भिंगरीने पैलवानाकडे पाहिलं. पैलवानाने भिंतीवरच्या किल्ल्यांकडे पाहिलं. दहा मिनिटांनी राखणदार लाकडं आणायला पडवीत गेला, काका त्याच्या मागे गेला, आणि नऊ नंबरची किल्ली पैलवानाच्या खिशात आली.

जिन्याची प्रत्येक पायरी कुरकुरत होती. वर लांबलचक, अंधारी वाट. एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला बंद खिडक्या. पैलवान टॉर्च धरून भिंतीला चिकटूनच चालत होता.

"घाबरलास?" भिंगरीने कुजबुजत विचारलं.

"छे! थंडी वाजतेय."

"मलाही तीच थंडी वाजतेय," ती म्हणाली.

कुलूप कट्ट करून उघडलं. खोलीत काहीच नव्हतं. गादी नसलेला पलंग, एक खुर्ची, आणि सगळीकडे धुळीचा थर. त्या थरावर कुणाच्याही पावलाची खूण नव्हती. खुर्ची मात्र खिडकीशी होती, बाहेरच्या रस्त्याकडे तोंड करून. कुणीतरी बसून वाट बघावी, तशी! भिंगरीला तिच्याकडे बघवेना आणि नजरही हटवता येईना.

"ही दोरी," शंकासुर पलंगाच्या डोक्याशी गेला. लाल गोंडा असलेली दोरी भिंतीला लागून लटकत होती. त्याने ती हळूच धरली मात्र, ती सुळकन त्याच्या हातात आली! टोकाला गंजून तुटलेली वीतभर तार होती.

आणि त्याच क्षणी खालून आवाज आला. किणकिण... किणकिण... किणकिण.

मग पैलवान जो पळाला तो थेट जिन्याच्या तळाशी थांबला, आणि बाकीचे दोघे त्याच्या पाठीवर येऊन आदळले.

"दोरी तुटलीय," धापा टाकत भिंगरी म्हणाली. "खोलीतून कुणीच वाजवू शकत नाही. तरी वाजतेय!"

"मग तर नक्कीच भूत!" पैलवानाचा आवाज चिरकला.

शंकासुर मात्र घंटांखाली जाऊन मान वर करून उभा राहिला होता. "खोल्या वर आहेत ना?"

"हो."

"मग तारा खाली का जातात?"

भिंगरी धावत तिथे गेली. खरंच! प्रत्येक घंटेची तार भिंतीवरून खाली येऊन फरशीतल्या एका भोकात शिरत होती. इतर तारा गंजून सैल पडल्या होत्या. नववी ताठ होती.

"आजोबा, या फरशीखाली काय आहे?" लाकडं घेऊन आलेल्या राखणदाराला तिने विचारलं.

"तळघर. सगळ्या तारा तिथूनच फिरून वर जातात. का गं?"

"तिथं कुणी आहे?"

"कुणी नाही! सकाळी प्लंबर आला होता, नळ बंद करायला. पाणी शिरायला लागलं म्हणून मीच अकरा वाजता कुलूप घातलं."

"प्लंबर बाहेर पडलेला तुम्ही बघितला?"

"त्याची सायकल नव्हती दारात. तो कधी सांगून जातच नाही. मी जिन्यावरून हाक मारली होती..." राखणदार अडखळला. "खाली नाही उतरलो. पायऱ्या ओल्या होत्या."

"भिंगरे, पुरे!" काका वैतागला. "कुणी असतं तर ओरडलं नसतं का? दार उघडलं आणि पाणी वर आलं म्हणजे? आधीच कमी घोळ झालाय?"

भिंगरीने वाद घातला नाही. ती स्टुलावर चढली. नववी तार थंडगार होती, आणि बोटांखाली किंचित हलत होती, एखाद्या जिवंत वस्तूसारखी. ती सोडून द्यावी असं तिला फार वाटलं. पण तिने ती घट्ट धरली आणि पाच वेळा ओढली. पाच झटके. मग हात काढून घेतला.

शेगडीतलं लाकूड तडतडलं. बाहेर वारा घोंघावत होता.

किण. किण. किण. किण. किण.

"पाच!" शंकासुर किंचाळला. "पाच वाजले!"

काकाचा चेहरा पांढराफटक पडला. राखणदाराने कमरेची किल्ली काढली. पैलवानाने ती हिसकावून घेतली आणि कुलूप उघडलं.

जाड दार उघडताच पाण्याचा घोंगावणारा आवाज अंगावर आला. लाकडी जिना मधोमध मोडून पडला होता. खाली काळं पाणी गरगरत होतं, झरोक्यातून आणखी पाणी कोसळत होतं, आणि कोपऱ्यात एका पिंपावर एक माणूस उभा होता. पाणी त्याच्या गुडघ्यांपर्यंत आलेलं. एक हात डोक्यावर, छताखालून जाणाऱ्या तारेवर. तो बोलू पाहत होता, पण घशातून नुसता घरघर आवाज येत होता.

"गाडी ओढायचा दोर!" पैलवान ओरडला आणि त्या वादळात धावत सुटला. आता त्याला धरायला कुणी थांबलं नाही!

काकाने एका शब्दानेही कुरकुर केली नाही. दोर दाराच्या खांबाला बांधून तो खाली उतरला, छातीभर पाण्यातून पिंपापर्यंत गेला, प्लंबरला काखेत धरून त्याने मोडक्या जिन्यापाशी आणलं आणि त्याच्या छातीभोवती दोर आवळला. "ओढा!"

तिन्ही मुलं आणि राखणदार ओढत होते. दोराने तळहात सोलवटले. म्हातारा सगळ्यांच्या पुढे होता, आणि रडत होता.

पाठोपाठ काकाही वर आला. प्लंबरला घोंगड्यांत गुंडाळून शेगडीपाशी निजवलं. तासाभराने त्याच्या ओठांवर रंग परतला. जिना मोडल्यावर तो ओरडून ओरडून थकला होता, पण जाड दारापलीकडे काहीच पोचलं नव्हतं. सायकल वाऱ्याने उडून चरात पडली होती, ती सकाळी सापडली. त्याच सुमारास रस्ता साफ करणारी गाडी आणि तिच्यामागोमाग डॉक्टरही आले.

"आणखी तासभर गेला असता तर..." डॉक्टरांनी वाक्य अर्धवट सोडलं आणि मुलांकडे वळून म्हणाले, "शाबास रे! भुताला घाबरूनही त्याला उलटा प्रश्न विचारणारी मुलं मी पहिल्यांदाच बघतोय."

"प्रश्न माझा होता," शंकासुर म्हणाला.

"आणि चूक माझी," राखणदार हळूच म्हणाला. "मी त्या बाईंच्या गोष्टीत इतका बुडालो, की जिवंत माणसाची हाक मला ऐकूच आली नाही."

काकाने तिघांच्या डोक्यांवरून हात फिरवला. "माझीही. निघतानाच तुमचं ऐकायला हवं होतं."

निघायच्या आधी भिंगरी प्लंबरजवळ जाऊन बसली. त्याचे सुजलेले हात घोंगडीवर पडले होते. "मामा, वर कुणीतरी ऐकेल असं वाटत होतं तुम्हाला?"

"नाही गं," तो बसक्या आवाजात म्हणाला. "आजोबा वर आहेत की वादळात निघून गेले, हेच ठाऊक नव्हतं. पण थांबलो, की नुसता पाण्याचा आवाज यायचा. म्हणून ओढत राहिलो. मग हाताखाली तार आपणहून हलली. पाच वेळा! तुला सांगतो पोरी, त्या क्षणी मी घाबरलो ना, तेवढा पाण्यालाही घाबरलो नव्हतो!"

भिंगरीला आधी हसू फुटलं. मग डोळे कसे भरून आले ते तिचं तिलाच कळलं नाही. तिने त्याचा हात दोन्ही हातांत घट्ट धरला, आणि काकाने तीनदा हाक मारेपर्यंत सोडलाच नाही.